साडेपाचचा वारा

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाई विचारते, तुम्ही नोकरीला कुठे होता? मी सांगते, हवामान कार्यालयात. बाई आधी हसते आणि मग म्हणते, "तुम्ही पाऊस सांगितला की आम्ही छत्री घरीच ठेवतो." छत्तीस वर्षांत हा विनोद मी इतक्यांदा ऐकला की आता समोरच्याच्या तोंडावरूनच कळतं, येऊन राहिला म्हणून. सांगणाऱ्याला मात्र तो त्याच मिनिटाला सुचलेला असतो. हसून घ्या बापा. मी काही रागावत नाही, म्हणजे थोडी रागावते. पण हसून झालं की माझंही एक ऐकून घ्या. एका आठवड्याचं आहे, आणि त्यातला निम्मा आठवडा नागपुरापासून लांब, समुद्रकाठी घडला.

नागपूरच्या माणसाचा समुद्राशी काय संबंध, असं कोणीही विचारेल. माझ्या सासूबाईंनीही विचारलं होतं. तर आमच्या विदर्भाचा मोठा पाऊस मुंबईकडून येतच नाही. तो येतो पूर्वेकडून, बंगालच्या उपसागरातून. तिकडे हवेचा दाब कमी होतो, ते वादळी चक्र किनाऱ्याला लागतं आणि मग जंगलं-डोंगर ओलांडत आमच्याकडे सरकतं. किनाऱ्यावर ते नेमकं कुठे चढलं, यावर सगळं अवलंबून. वरच्या अंगाला चढलं तर बंगाल-झारखंडकडे जातं आणि आम्ही कोरडे. खालच्या अंगाला चढलं तर दीड-दोन दिवसांत आमच्या दारात. म्हणून प्रताप नगरातून स्कूटीवर ऑफिसला जाणारी मी, कुंदा निनावे, जिने तोवर समुद्र डोळ्यांनी पाहिला नव्हता, रोज सकाळ-संध्याकाळ समुद्रकाठच्या वाऱ्याची चौकशी करत असे.

आमचं काम म्हणजे नकाशा भरणं. देशभर सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला एकाच वेळी शेकडो माणसं आपापल्या केंद्रात तापमान, दाब, वारा, ढग बघतात, नोंद करतात आणि पाच-पाच आकड्यांच्या गटांत पाठवतात. ते आकडे आम्ही मोठ्या नकाशावर बारीक निबेनं मांडायचे. मग सारख्या दाबाची ठिकाणं जोडत रेघा ओढायच्या. आता हे संगणक करतो, पण माझ्या शेवटच्या वर्षांपर्यंत आम्ही हातानंही करत होतो, आणि रेघ माझी अशी यायची की दुसऱ्या विभागातले लोक बघायला यायचे. नकाशाच्या कोपऱ्यात भरणाऱ्यानं आपली आद्याक्षरं टाकायची पद्धत होती. मी 'के. एन.' टाकायची, जरा वळण देऊनच.

रेघ सुंदर यायची, तिथेच माझी चूक होती. शेजारच्या सगळ्या केंद्रांचे आकडे एका ओळीत आणि मधलाच एखादा भलता असला तर रेघेला वाकडा पोक येतो. अशा वेळी आमच्यात सोय होती. त्या आकड्याभोवती लाल शाईनं गोल करायचा. लाल गोल म्हणजे 'नोंद संशयास्पद, धरू नये'. मग रेघ खुशाल त्याच्या बाजूनं न्यायची. बहुतेक वेळा नोंद खरंच चुकलेली असते. झोपेत कोणी आकडा उलटा लिहितो, कोणी कालचाच पुढे ढकलतो. पण 'बहुतेक वेळा' म्हणजे नेहमी नाही.

मी ज्या आठवड्याचं सांगते आहे त्याच्या अकरा वर्षं आधी, अशाच सप्टेंबरात, पूर्व किनाऱ्यावरच्या एका छोट्या केंद्राचा दाब शेजाऱ्यांपेक्षा कमी आला. माझी रेघ बिघडत होती. मी लाल गोल केला. दोन दिवसांनी विदर्भात धो-धो पाऊस आला, जो आम्ही सांगितलाच नव्हता. वरून विचारणा झाली. कागदोपत्री उत्तर तयारच होतं. केंद्राची नोंद संशयास्पद होती, नकाशावर तसं नमूद आहे. नकाशाची झेरॉक्स त्या केंद्राला गेली आणि तिथल्या निरीक्षकाला ताकीद मिळाली. त्याचं दाबमापक तपासायला नेलं. ते बरोबर निघालं. तो तपासणीचा कागद माझ्या टेबलावरून गेला, मी वाचला, फायलीत लावला आणि गप्प बसले. त्या वर्षी माझी बढती होती. याहून दुसरं कारण नव्हतं आणि मी ते सजवून सांगणार नाही.

त्यानंतर मात्र मी एक सवय लावून घेतली. आकडा विचित्र वाटला की लाल पेन उचलायच्या आधी फोन उचलायचा. त्या निरीक्षकाला पहिल्यांदा फोन केला तेव्हा तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "कौन?"

"नागपूर से. निनावे."

"पूरा नाम?"

"कुंदा निनावे."

त्यानं नाव एकदा हळू म्हणून बघितलं. मग म्हणाला, "अच्छा. के. एन. मैडम." तेव्हापासून मी त्याच्यासाठी के. एन. मॅडमच. ऑफिसात मला या नावानं कोणी हाक मारत नसे. मला वाटलं, तेलुगू माणूस, निनावे म्हणणं जड जात असेल. त्याचं नाव अप्पलराजू. वर्षातून पंधरा-वीस वेळा आमचं बोलणं व्हायचं, सगळं कामापुरतं. ताकिदीचा विषय त्यानं कधी काढला नाही, आणि ताकीद कोणामुळे मिळाली हे मी कधी सांगितलं नाही.

आता तो आठवडा. गणपती गेले होते, पितृपक्ष लागला होता आणि नागपुरात पितृपक्षात बसतात ते मस्कऱ्या गणपती बसले होते. पंधरा दिवस पाण्याचा थेंब नाही. ऊन असं की स्कूटीच्या सीटला हात लावता येत नव्हता. सगळं शहर म्हणत होतं, गेला पाऊस. त्या पावसाळ्यात आमचे दोन इशारे फुकट गेले होते. पेपरात आमची टिंगल झाली होती आणि आमच्या कार्यालयाचे साहेब त्यानं पोळलेले होते. साहेब माणूस वाईट नव्हता. हुशार होता आणि संगणकाच्या नकाशावर त्याचा जीव होता.

सोमवारी किनाऱ्यावर सगळं शांत. मंगळवारी अप्पलराजूच्या केंद्राचा दाब किंचित उतरला. मी फोन केला. तो म्हणाला, "समुंदर एकदम तेल जैसा है मैडम. हवा नहीं. लेकिन लहर दूर से आ रही है, लंबी-लंबी. पसीना सूखता नहीं." बुधवारी ढगांचे पिसासारखे पट्टे आले. गुरुवारी संगणकानं सांगितलं की उपसागरात कमी दाब तयार झालाय आणि तो किनाऱ्याच्या बाजूबाजूनं वर, उत्तरेला सरकणार. म्हणजे आम्ही कोरडे.

गुरुवारीच इतवारीतल्या आमच्या एका नेहमीच्या सेठजींचा फोन आला. धान्याचे व्यापारी. दर पावसाळ्यात मला फोन करायचे आणि मी सांगेन त्याच्या बरोबर उलटं करायचे. "मॅडम, रविवारी गच्चीवर तूर वाळत घालतो म्हणतो. घालू का?" मी म्हटलं, अजून सांगता येत नाही, थांबा. "सांगता येत नाही? मग घालतोच," म्हणाले आणि खुश होऊन फोन ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचची नोंद आली. अप्पलराजूच्या केंद्राचा दाब दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांपेक्षा चांगला तीन मिलिबारनं कमी. आणि वारा पश्चिमेचा. हे जरा समजून घ्या. समुद्रकाठी दिवसा जमीन तापते, म्हणून दुपारनंतर वारा समुद्राकडून जमिनीवर येतो. आपण फिरायला गेल्यावर तोंडावर येतो तो. पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी साडेपाचला वारा पूर्वेकडून यायला पाहिजे. याचा वारा उलटा, जमिनीवरून समुद्राकडे चाललेला. म्हणजे जवळपास काहीतरी त्याला ओढून घेत होतं. ते कमी दाबाचं चक्र वर कुठे दूर नव्हतं. ते त्याच्या केंद्राच्या अगदी लगत किनाऱ्याला चढत होतं. तिथून सरळ रेघ मारली तर ती नागपूरवरून जाते.

मी फोन लावला. मागे झावळ्यांचा आवाज येत होता.

"अप्पलराजू, प्रेशर फिर से देखिए."

"तीन बार देखा मैडम. आप जितनी बार बोलो उतनी बार देखता हूँ. वही आएगा."

"और हवा?"

"ज़मीन से समुंदर. झंडी उलटी खड़ी है. मेरी आँख ठीक है." मग म्हणाला, "इस बार भी गोल करना है तो कर दो. मैं यही लिखूँगा."

मी फोन ठेवला आणि आकडा जसाच्या तसा मांडला. रेघ ओढली. इतका घाणेरडा पोक माझ्या रेघेला आयुष्यात आला नव्हता. साहेब बघायला आले.

"हे काय? निनावे बाई, ह्या केंद्राचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. गोल करा."

"नाही करत."

"शेजारची दोन्ही केंद्रं वेगळं सांगतायत. मॉडेल वेगळं सांगतंय. एका माणसासाठी मी तिसरा इशारा फुकट घालवू?"

"तुम्ही इशारा द्या नका देऊ, तो तुमचा अधिकार आहे," मी म्हटलं. "पण गोल मी करत नाही. करायचा असेल तर पेन घ्या आणि कोपऱ्यात तुमची सही करा."

साहेबांनी पेन घेतलं नाही. पण अंदाज संगणकाचाच गेला. रविवारी विदर्भात आकाश अंशतः ढगाळ, तुरळक ठिकाणी हलका पाऊस.

रविवार म्हणजे सर्वपित्री अमावस्या. माझं माहेर खाप्याचं, कन्हानच्या काठचं. आमच्या आळीची एक जुनी रीत आहे. ज्यांच्या मागं पान वाढायला कोणी उरलं नाही, अशा सगळ्यांच्या नावानं त्या दिवशी नदीच्या वाळूत एकच पंगत बसते. वडे, कढी, भात, खीर, कोहळ्याची भाजी. दोन-अडीचशे माणसं, म्हातारीकोतारी, कडेवरची लेकरं, सगळी पात्रात उतरून बसतात. पंधरा दिवस पाऊस नाही, नदी पलीकडच्या काठाला सरकलेली, वाळू कोरडी ठणठणीत. कन्हान वर सातपुड्यातून येते. डोंगरात पडलेलं पाणी खाप्यात येतं तेव्हा खाप्यात ऊन असलं तरी तिला काही फरक पडत नाही. आणि त्या वर्षी पंगतीचा सगळा कारभार माझ्या धाकट्या भावाकडे, वसंताकडे होता.

सरकारी अंदाजापलीकडे घरच्या माणसाला आतली माहिती द्यायची नाही, हा आमच्याकडे कडक नियम. मी तो छत्तीस वर्षांत एकदाच मोडला. घरी येऊन चप्पल न काढताच वसंताला फोन केला.

"वसंता, ऐक गा. रविवारी नदीत पंगत नको मांडू. शाळेत मांड."

"काहून?"

"पाणी येऊन राहिलं."

"काय बोलून राहिली ताई तू? इथं ऊन पाहून डोळे फुटून राहिले. टीव्हीवर तं हलका पाऊस सांगून राहिले."

"टीव्हीवर आमच्याच ऑफिसचं सांगते ते. मी ऑफिसातूनच आली."

"मंग ऑफिसचं खरं का तुझं?"

 काय सांगणार होते? समुद्रकाठचा एक माणूस म्हणतो, माझी झंडी उलटी आहे, यावर मी अडीचशे माणसांची पंगत हलवत होते.

"माझं खरं," मी म्हटलं.

"लोकं मले नदीतच बुडवतील, ताई. बापजाद्यांची रीत हाय."

"बुडवू दे. शाळेच्या पटांगणात बुडवता येत नाही कोणाले. वाळूत एक माणूस उतरला तं मी खाप्याले पाय नाही ठेवणार."

त्यानं फोन आपटला. मला वाटलं, ऐकत नाही हा. पण वसंता लहानपणापासून आधी आपटतो आणि मग ऐकतो.

शनिवारी दिवसभर नागपुरात लखलखीत ऊन. मी ड्यूटीवर होते आणि दर तासाला खिडकीतून बघत होते, आणि खरं सांगते, त्या उन्हाचा मला राग येत होता. अप्पलराजूकडे पाऊस सुरू झाला होता, पण त्याच्या शेजाऱ्यांकडेही झाला होता, त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. संध्याकाळी पूर्वेकडून ढगांची कड दिसायला लागली. साहेब म्हणाले, वरवरचे आहेत. मी नकाशा भरत राहिले.

रविवारी सकाळी साडेआठच्या नोंदी आल्या तेव्हा सातपुड्यातल्या केंद्रांचे पावसाचे आकडे बघून साहेब खुर्चीतून उठले. माझ्याकडे बघितलं नाही. स्वतः बसून इशारा लिहिला आणि पाठवला. तो पाठवण्यात त्यांनी एक मिनिटही घालवलं नाही, हे मी त्यांच्या बाजूनं मुद्दाम लिहिते.

तो इशारा खाप्यात पोचेपर्यंत शाळेच्या पटांगणात दुपारची पंगत बसली होती आणि वसंताला शिव्या चालल्या होत्या. ऊन होतं ना. एक म्हातारे पान सोडून उठले. शाळेत जेवायला आम्ही काय मास्तर आहोत का, म्हणाले, आणि काठी टेकत नदीकडे निघाले. वसंता त्यांना आणायला मागं धावला. घाटाच्या पायऱ्यांवर दोघं थबकले. वाळू दिसतच नव्हती. गढूळ पाणी पायऱ्यांना लागलं होतं आणि त्यात झाडांचे अख्खे बुंधे चालले होते. पाऊस खाप्यात अजून सुरूही झाला नव्हता. ते म्हातारे मुकाट्यानं परत आले, आपल्या पानावर बसले आणि म्हणाले, "कढी थंडी झाली गा."

हे कौतुक मला पुरेसं होतं. पण आमचा वसंता. दुसऱ्या दिवशी पेपरचा माणूस आला तर यानं छाती फुगवून सांगितलं, माझी बहीण हवामानात हाय, तिनं शुक्रवारीच सांगितलं होतं. छापून आलं. भैताड. शुक्रवारी ऑफिसच्या बाईला माहीत होतं तर लोकांना रविवारी काहून सांगितलं, असा वरून प्रश्न आला आणि मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. साहेबांनी ती हातात देताना मान खाली घातली होती.

इतवारीच्या सेठजींनी तूर घातलीच होती, भिजलीच. नंतर फोन करून म्हणाले, मॅडम, तुम्ही नीट 'नको' म्हणायला पाहिजे होतं. त्यांच्यापुढे मी हात टेकले.

नोटिशीचं उत्तर मी तीन दिवस लिहीत होते. पहिल्या दिवशी लिहिलं ते सगळं स्वतःच्या बचावाचं होतं. मी बरोबर होते, अडीचशे माणसं वाचली, मला नोटीस कसली देता. खरंच होतं ते. पण वाचून बघितलं आणि मला माझीच लाज वाटली. कारण मी बरोबर नव्हते. बरोबर तो होता, आणि तो अकरा वर्षांपूर्वीही बरोबर होता. मी जुन्या कपाटातून तो नकाशा शोधून काढला. लाल गोल अजून ताजा दिसत होता. कपाटातून दाबमापकाच्या तपासणीचा कागदही काढला. मग उत्तर लिहिलं ते एवढंच. नियम मी मोडला, तो कबूल आहे, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा मोडीन. निरीक्षकाची खरी नोंद खोडण्याचा मला अधिकार नव्हता. अकरा वर्षांपूर्वीही नव्हता, तेव्हा मी ती खोडली, आणि कागद हातात असून गप्प बसले. दोन्ही कागद सोबत जोडले आहेत. त्यांना दिलेली ताकीद मागे घ्यावी आणि ती ज्याची आहे त्याला द्यावी.

साहेब म्हणाले, "हे दुसरं तुम्हाला कोणी विचारलेलं नाही. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. काढून टाका ते." मी म्हटलं, "खोडाखोड बंद केली साहेब मी." ताकीद मला मिळाली. ती माझ्या सेवापुस्तकात आहे. निवृत्तीच्या दिवशी भाषणात कोणी तिचा उल्लेख केला नाही, म्हणून इथे मी करते. अप्पलराजूची मागे घेतल्याचं पत्र निघालं, त्याची प्रत मी स्वतः टपालात टाकली.

पण पत्र पोचायच्या आधी त्याला माझ्या तोंडून कळायला पाहिजे होतं. सकाळी साडेआठच्या जरा आधी फोन केला. हिंदी माझी नागपुरी, त्या दिवशी तीही अडखळत होती.

"अप्पलराजू, एक बात बतानी है. ग्यारह साल पहले आपके नंबर पर जो लाल गोल हुआ था, वो मैंने किया था."

"मालूम है मैडम."

"कैसे मालूम?"

"कागज़ की कॉपी मेरे पास भेजी थी ना. कोने में लिखा था. के. एन."

 पहिल्या फोनला त्यानं पूर्ण नाव का विचारलं होतं ते मला तेव्हा कळलं. अकरा वर्षं तो मला त्याच नावानं हाक मारत होता आणि मी समजत होते की त्याला आडनाव उच्चारता येत नाही.

"फिर आपने कभी कुछ बोला क्यों नहीं?"

"क्या बोलना? उसके बाद आप हर बार पहले फोन करके पूछती थीं." मागे समुद्राचा आवाज येत होता. "लिखिए मैडम, साढ़े आठ हो गए."

तो आकडे सांगत गेला आणि मी मांडत गेले. दाब ठीक, वारा मंद, आकाश निरभ्र. रेघ सरळ आली. नकाशा पूर्ण झाल्यावर कोपऱ्यात मी आद्याक्षरं टाकली नाहीत. पूर्ण नाव लिहिलं, कुंदा निनावे, आणि निवृत्त होईपर्यंत तेच लिहीत राहिले.